कडियाळ की गळ

तुमची पेटी पलंगाखालीच आहे. हे आधी सांगते, कारण तुम्ही असता तर माझी प्रकृती-बिकृती न विचारता पहिला प्रश्न तोच केला असता. पेटीतलं सगळं शाबूत आहे, एक सोडून. त्या एकाचंच सांगायला बसले आहे.

तुम्हाला जाऊन अजून महिना झाला नाही. लोक येतात, चटईवर बसतात, 'फार सज्जन माणूस' म्हणतात आणि चहा पिऊन जातात. मी हो म्हणते. सज्जन होतातच. पण तुमच्यासोबत संसार करताना मला सज्जनपणानं काही त्रास दिला नाही. त्रास दिला तो गंजलेल्या लोखंडानं. आता हे चटईवरच्या माणसांना कसं सांगणार?

पाटबंधारे खात्यातल्या तुमच्या नोकरीविषयी सांगण्यासारखं तुम्हालाही कधी काही सापडलं नाही. रविवार मात्र तुमचे होते. उन्हाळा लागून कन्हान आटली, दोन्ही बाजूंना रेती मोकळी झाली, की तुम्ही आणि तुमच्या टेबलाशेजारचे मेश्रामभाऊ सकाळच्या बसनं निघायचे. फुटक्या भोंग्यातून काढलेलं जाड लोहचुंबक सुतळीनं बांबूला बांधलेलं असायचं. ते रेतीवरून ओढत तुम्ही पुढे आणि पाण्याची सुरई घेऊन मेश्रामभाऊ मागे. नदीवर धुणं धुणाऱ्या बायांना वाटायचं, याची अंगठी हरवली. कोणी विचारलं तर मेश्रामभाऊ सांगत, "अंगठी नाही वं माय, यायची अक्कल हरवली. तेच शोधून राहिलो."

संध्याकाळी घरी यायचं ते वर्तमानपत्रात बांधलेलं तांबडं-पिवळं काहीतरी. पहिल्यांदा मी विचारलं होतं, "हे काय शेण आणलं?" तुम्ही रागावला नाहीत. मोरीत बसून तुम्ही एकेक ढेकूळ धुतलं आणि माझ्यासमोर मांडलं. नाल, कुऱ्हाडीचं पातं, साखळीच्या कड्या, खिळेच खिळे. जे ओळखू यायचं नाही ते तळहातावर तोलायचं, मग खिळ्यानं हलकं ठोकून पाहायचं. भद्द वाजलं तर आत नुसता गंज. किंचित जरी खणकलं तरी तुमचा चेहरा उजळायचा. "जिवंत आहे वं आतून," तुम्ही म्हणायचे. मग झीज पाहायची. दोरानं झिजलेलं लोखंड वेगळं, हातानं झिजलेलं वेगळं. वस्तू काय होती ते तिची झीज सांगते, असं तुमचं म्हणणं होतं, आणि बहुतेक वेळा ते खरं निघायचं.

बहुतेक वेळा. सगळ्या वेळा नाही, ते पुढे येईलच.

पहिल्या वर्षी तुम्हीही नवशिकेच होतात. दिवाळीला मी पितळेची भांडी चिंचेनं घासते, ते पाहून तुम्ही एक सुंदर पातं चिंचेच्या पाण्यात बुडवून ठेवलंत. सकाळी पाण्यात हात घातला तर पात्याची चाळणी झालेली. पुढच्या वर्षी खंडेनवमी आली. घरातल्या विळ्या-सुऱ्या पाटावर मांडल्या, तुम्ही नदीतलं सगळं लोखंडही शेजारी मांडलंत आणि सासूबाईंनी सगळ्यांना सारखंच हळदकुंकवाचं पाणी शिंपडलं. ते तसंच पेटीत गेलं. महिन्याभरानं पेटी उघडली तेव्हा प्रत्येक वस्तूवर कुंकवाच्या थेंबाएवढे नारिंगी फोड आले होते. तुम्ही ते पाहत बसलात आणि शेवटी म्हणालात, "आईनं भक्तीनं मारलं."

तेव्हापासून आपल्याकडे खंडेनवमीला कोरडी पूजा. झेंडूचं फूल तेवढं वाहायचं, तेही देठ पुसून. धाकटे भाऊजी हसायचे, देवाला काय सर्दी होते का म्हणून. तुम्ही ऐकून घ्यायचे. गंजाच्या बाबतीत देवाचीही भीड धरायची नाही, हे तुमचं ठरलं होतं.

हळूहळू तुमची पद्धत बसली. वस्तू आधी साध्या पाण्यात ठेवायची, पाणी रोज बदलायचं, तांबूसपणा उतरेपर्यंत. मग शेगडीच्या ऊबेशी वाळवायची. बांबूच्या कामटीनं सैल गंज काढायचा, घट्ट गंजाला हात लावायचा नाही. मग इतवारीच्या बाजारातून आणलेल्या हिरड्याचा काढा लावायचा, की लाल लोखंड डोळ्यांदेखत काळं पडे. लहानपणी शाई घरी करत असू, हिरडा आणि लोखंडाचीच, हे मीच तुम्हाला सांगितलं होतं. पण तुम्ही ते स्वतःला सुचल्यासारखं मेश्रामभाऊंना सांगितलंत. शेवटी वितळलेल्या मेणात बुडवून काढायची. दर उन्हाळ्याच्या शेवटी, हवा दमट व्हायच्या आधी, हा मेणाचा सोहळा पुन्हा. त्यासाठी तुम्हाला माझं दुधाचं पातेलं हवं असायचं, कारण त्याचा तळ जाड. मी ते कधी दिलं नाही. एकदाही नाही. बाजारातून दुसरं आणा म्हणाले आणि तुम्ही आणलंत.

मेणात घातलेली वस्तू पुन्हा वापरायची नाही, हा तुमचा आणखी एक नियम. एक चांगला विळा बागेत कामाला येईल म्हणून मी मागितला होता. "मेण चढलं का ते कामातून गेलं," तुम्ही म्हणालात. "आता ते नुसतं पाहायचं." मला ते तेव्हा कंजूषपणाचं वाटलं.

आणि मग ते सापडलं.

त्या संध्याकाळी तुम्ही नुसत्या बनियनवर बसमधून उतरलात, कारण शर्टात ते गुंडाळलेलं होतं. वीतभर लांब, मध्ये एक गाठ, दोन बाजूंना दोन वाकडे हात आणि एका हाताच्या टोकाशी वळलेलं कडं. सगळ्यावर रेती आणि गंज मिळून दगडासारखं कवच. तोललंत, ठोकलंत. खणकलं.

"कडियाळ आहे वं," तुम्ही म्हणालात. घोड्याच्या तोंडात जातं ते लगामाचं लोखंड. "हा पाह्य मधला सांधा. हे कडं लगामाचं."

मी कणीक मळत होते. तिथूनच पाहिलं. "काहीतरीच. गळ आहे तो. आमच्या विहिरीत बादली पडली का असाच दोराले बांधून सोडत होते."

"गळाले सांधा कायले लागते?"

"अन् घोड्याचं तोंड एवढंसं असते का?"

मेश्रामभाऊ दारात चपला घालत होते. दोघांनी त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "मी मधात पडत नाही. मले बस पकडायची आहे."

नवरा-बायकोचा वाद म्हणून तो तिथंच मिटायला हवा होता. पण तुमच्या घराण्यात भोसल्यांच्या फौजेतला एक शिलेदार होऊन गेला, असं तुमचे वडील सांगत. पुरावा म्हणाल तर घरात घोड्याचा एक केस नव्हता. भाऊबंद त्या शिलेदाराची थट्टा करत आणि तुम्हीही त्यांच्यासोबत हसत असा, पण हे कवच हातात आलं तेव्हा तुम्ही हसला नाहीत. मेश्रामभाऊंच्या घरानं छप्पन साली दीक्षा घेतलेली. पूर्वजांच्या गोष्टींपुढे ते सहसा मान तुकवत नसत. पुढच्या रविवारी ते तुम्हाला म्हणाले, "भाऊ, तुमचा आजा घोड्यावर असन तं माझा आजा त्या घोड्यामांगं पयत असन. मले काहून विचारता, कडियाळ होतं का नव्हतं?" तुम्ही दोघंही खूप हसलात. मग तुम्ही त्यांना सुपारी कातरून दिली.

माझंही तुमच्यापेक्षा वेगळं नव्हतं, हे आता दिसतं. माझं माहेर नरखेडकडचं. संत्र्याची बाग, बागेत विहीर, विहिरीच्या काठावर खुंटीला गळ. तो खाली सोडला की तळाशी काहीतरी अडकायचं, आणि वर येईपर्यंत काय ते कळायचं नाही. लग्नानंतर पाच-सात वर्षांत बाग गेली, विहीर भाऊबंदांच्या वाट्याला गेली. तुम्हाला त्या लोखंडात घोडा दिसला आणि मला विहीर. मोठ्या शहाणपणानं आपण एकमेकांना झीज दाखवत राहिलो.

जाणकाराला दाखवा, असं मी एकदा म्हटलं होतं. मेश्रामभाऊंनीही सुचवलं होतं, की दवाखान्यात ओळख आहे, हाडाचा काढतात तसा याचा फोटो काढू. तुम्ही अडकित्ता हातात घेऊन खिडकीत बसला होतात. बाहेर पाहत म्हणालात, "कोणी सांगितलं तं संपलंच मंग. पुढं काय करायचं?" मी म्हटलं, खरवडून पाहा. त्यावर तुमचं उत्तर ठरलेलं: कवचातच त्याचा आकार उरला आहे, खरवडलं तर कडियाळही जाईल आणि गळही जाईल.

आपल्याला मूल झालं नाही. त्या वर्षांत आपण त्याविषयी बोललो नाही. शेजारणी बोलायच्या, सासूबाई बोलायच्या, आपण दोघं सोडून सगळे बोलायचे. संध्याकाळी तुम्ही ऑफिसातून आलात, की घरात जी शांतता व्हायची तिच्यात काय बोलावं हे दोघांनाही कळायचं नाही. मग तुम्ही पेटी ओढायचे. "आज पुन्हा पाहिलं वं मी. सांध्यापाशी दाताचा घास आहे, घासल्याची खूण." आणि मी पोळपाट सोडून यायची. "दोराचा घास आहे तो." तास-दीड तास सहज निघायचा. त्या लोखंडानं त्या संध्याकाळी निभावून नेल्या. याबद्दल मी तुमचे आभार मानले नाहीत. नवऱ्याचे आभार मानायची आपल्याकडे रीत नाही, आणि मानले असते तर तुम्ही घाबरला असता.

या वर्षी मेणाचा सोहळा झाला नाही. वैशाखापासून तुम्ही अंथरुणावर. एकदा म्हणालात, "पेटी उघडून मेण लावून घे वं, हवा बदलून राहिली." मी म्हटलं, "काहो, तुमचं लोखंड तुम्ही लावा. उठा आधी." तुम्ही हसलात. श्रावणात गेलात. पेटी तशीच होती.

तेराव्याला गुरुजी आले ते जुन्या वळणाचे निघाले. दानांत लोखंडाचं दान असतं, हे मला ठाऊक होतं. म्हणून मेश्रामभाऊंना सांगून इतवारीतून नवा तवा मागवून ठेवला होता. पण विधी करायला बसले होते धाकटे भाऊजी. तवा पाहून ते म्हणाले, "वहिनी, घरात पेटीभर लोखंड पडून राहिलं अन् नवा तवा काहून आणला? दादाचंच द्या ना, दादाले पोचन." त्यांचा हेतू चांगला होता. मी काही बोलायच्या आत पेटी बाहेर आली आणि त्यांनी त्यातलं सर्वांत मोठं उचलून पाटावर ठेवलं. ठेवलं म्हणजे आदळलंच.

गुरुजींनी पळी हातात घेतली. "वस्तूचं नाव सांगा."

"लोखंड म्हणा ना," भाऊजी म्हणाले.

"नुसतं लोखंड नाही चालत. तवा, विळा, पळी, जे असेल ते नाव घ्यायचं. आमच्याकडे निनावी दान देत नाहीत. काय आहे हे?"

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं. मेश्रामभाऊ भिंतीला टेकून उभे होते, त्यांनी मान खाली घातली. मी कडियाळ म्हटलं असतं तर तुम्ही जिंकला असता. नाहीतरी तुम्हाला निरोप देत होतो, एवढी ओवाळणी द्यायला हरकत नव्हती. पण खोटं नाव घेऊन दिलेलं तुम्ही घेतलं नसतं. आणि गळ म्हटलं असतं तर तुम्ही समोर नसताना मी जिंकले असते. माझ्या तोंडातून शब्द निघाला, "ठरलं नाही अजून."

"कधी ठरणार?" गुरुजींनी विचारलं.

"ज्यांच्यासंग ठरवायचं होतं ते गेले," मी म्हटलं. "तवा घ्या."

तवा दिला गेला. तवा म्हणूनच.

दुपारी पानं उठल्यावर मी पाटाखाली सांडलेले तांदूळ झाडायला बसले. तांदळात एक तांबडा तुकडा होता, बोटभर लांब, वरून तुमच्या त्या कवचासारखाच. दमट हवेनं कवच आधीच फुगून सैल झालेलं असणार. भाऊजींच्या आदळण्यानं ते सुटलं. मी पाटावरची वस्तू उचलली. जिथून कवच निघालं होतं तिथं काळं, स्वच्छ लोखंड होतं. एक पातं होतं, आत वळलेलं, आणि त्याच्यासमोर दुसरं, जाड आणि बोथट. त्या दोन्हींच्या मध्ये सुपारी मावेल एवढी खोबण. तुमचा सांधा म्हणजे बिजागरी होती. लगामाचं कडं म्हणजे मुठीच्या टोकाची वळी.

मी मेश्रामभाऊंना हाक मारली. ते आले, खाली बसले, चष्मा लावला.

"वहिनी," ते हळू म्हणाले, "हे तं..."

"अडकित्ता आहे."

"अडकित्ता," ते म्हणाले. "भाऊ हातात अडकित्ता घेऊन बसे न् म्हणे, कडियाळ आहे."

मला हसू आलं. आवरलं नाही. तेराव्याच्या घरात, ओसरीवर पाव्हणे बसलेले असताना, मी पदर तोंडात धरून हसत होते. मेश्रामभाऊ हसत होते आणि रडत होते. आतून भाऊजींनी डोकावून पाहिलं आणि त्यांना वाटलं, वहिनीला दुःख सहन झालं नाही. खरंच झालं नाही. एवढी मोठी फजिती दोघांची मिळून झाली आणि ती पाहायला तुम्ही नाहीत, हे मला अजूनही सहन होत नाही. तुम्ही किती हसला असता. आठ दिवस तुम्ही ऑफिसात हेच सांगितलं असतं.

घोडा नव्हता. विहीरही नव्हती. कधीकाळी कन्हानच्या काठावर कुणीतरी सुपारी कातरत बसला होता, एवढंच.

मग मला तुमचा अडकित्ता आठवला. तुमच्या वडिलांचा, हातानं गुळगुळीत झालेला. त्याला तुम्ही कधी तेल लावलं नाही, पुसला नाही. "वापरातल्या लोखंडाले गंज शिवत नाही," म्हणायचे. "तेल नको, मेण नको, हात पाहिजे." वैशाखात सुपारी बंद झाली तेव्हा तुम्ही तो खिडकीत ठेवला होता, आणि तो अजून तिथंच होता. कोणी उचलला नव्हता.

मी जाऊन पाहिला. उघडताना तो किंचित कुरकुरला. पात्यावर, जिथं सुपारी धरायचे तिथं, नारिंगी ठिपके आले होते.

त्यानंतरचे चार दिवस त्यातच गेले. नदीतला अडकित्ता पाण्यात ठेवला, पाणी बदलत राहिले, तसं उरलेलं कवचही सुटत गेलं. तुमचा कामटीनं साफ केला. हिरड्याचा काढा केला, दोन्हींना लावला. दोन्ही काळे झाले, सारखेच काळे. मेश्रामभाऊ मेण घेऊन आले. तुमचं बाजारातलं पातेलं माळ्यावर होतं. मी ते काढलं नाही. माझं दुधाचं घेतलं. त्याचा तळ जाड आहे, तुम्ही म्हणायचे ते बरोबर होतं. मेण कुठंही करपलं नाही.

नदीतला आधी बुडवला. तो वर आला तेव्हा नव्यासारखा दिसत होता.

मग तुमचा हातात घेतला. तुमची बोटं जिथं असायची तिथं लोखंड खोल झिजलं आहे. माझी बोटं तिथं बसत नाहीत, लहान पडतात. मी सुपारी खात नाही. या घरात आता कोणी खात नाही. मेश्रामभाऊ पातेल्याकडे पाहत होते.

"वहिनी, त्याले मेण लावलं का ते कामातून गेलं," ते म्हणाले.

"माहीत आहे," मी म्हटलं आणि तो मेणात सोडला.